वस्तुमानाचा 'अंदाज' की 'अनुमान'?

गिरगावकर: विज्ञान मंडळाच्या फलकासाठी मजकूर लिहितोय. दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे अतिघन गाभे) एकमेकांत विलीन होतात, तेव्हा उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींवरून, म्हणजे अवकाशातल्याच तरंगांवरून, त्यांचं वस्तुमान, अंतर वगैरे कसं काढतात, हा विषय. मी 'अंदाज' लिहिलं, तर एक सदस्य म्हणाले, "अंदाज कुलाबा वेधशाळेचा, ताऱ्यांचा नव्हे." मग काय लिहू? अनुमान, अदमास, अटकळ?

मुलुंडवाला: अटकळ नकोच, तिला पुरावा लागत नाही. अदमास म्हणजे कोळीण पापलेट हातात तोलून वजन सांगते तो. अनुमान घ्या. न्यायशास्त्रातलं, धुरावरून अग्नी. इथेही तारे दिसत नाहीत, हाती येते फक्त लहर.

चेंबूरकरीण: अर्धंच पटलं. धुरावरून अग्नी आहे एवढं कळतं, केवढा ते नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला लायगो-व्हर्गोला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांना, मिळालेला संकेत घ्या. लहरीची वारंवारता कशी चढत गेली त्यावरून दोन्ही वस्तुमानांचा एक विशिष्ट मेळ, म्हणजे 'चर्प मास', सूर्याच्या १.१८८ पट निघाला. चूक असलीच तर तिसऱ्या दशांशस्थळी. पण एकेका ताऱ्याचं विचारा: मोठा १.३६ ते १.६०, धाकटा १.१७ ते १.३६. तेही तारे स्वतःभोवती सावकाश फिरत होते असं धरून! ती अट काढली की मोठा पार २.२६ पर्यंत जातो, कारण वस्तुमानांचं गुणोत्तर आणि फिरकी यांचे लहरीवरचे परिणाम एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून रीत सांगताना 'अनुमान', आकड्यांच्या पट्ट्याला 'अंदाज'.

मुलुंडवाला: मान्य. आणि अंतर?

चेंबूरकरीण: तिथेही तीच गोची. लांबची पण आपल्याकडे तोंड केलेली, म्हणजे जिची कक्षा समोरून दिसते ती जोडी आणि जवळची पण तिरपी जोडी, दोघींची लहर सारखीच क्षीण. त्या वेळी प्रकाशही दिसला, एनजीसी ४९९३ ही दीर्घिका सापडली, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर. मग तिरपेपणाचा अंदाज आवळता आला.

गिरगावकर: 'चर्प मास'ला 'चिवचिव वस्तुमान' म्हणू का?

मुलुंडवाला: पोरं खिदळतील. चर्पच ठेवा. वस्तुमान, अंतर अशा काढायच्या राशींना, म्हणजे पॅरामीटरला, मात्र 'प्राचल' आहे, तो खुशाल वापरा.

गिरगावकर: ठीक. "मोठ्या ताऱ्याचं वस्तुमान मोजलं" हे वाक्य खोडतो. त्याऐवजी: "मोठा तारा सूर्याच्या १.३६ ते १.६० पट असण्याची शक्यता ९० टक्के."

चेंबूरकरीण: पुढे "फिरकी मंद धरल्यास" जोडा, नाहीतर मीच खडू घेऊन येईन.