मदत हवी आहे: पत्नी सिकलसेल वाहक, पतीचा ए२ ३.४ टक्के

गडचिरोलीतल्या एका जोडप्यासाठी विचारतो आहे. पत्नी सिकलसेल वाहक (एएस, म्हणजे एक जनुक सिकलचं, एक सामान्य), गर्भारपणाचा नववा आठवडा. पतीची सोल्युबिलिटी चाचणी (सिकल हिमोग्लोबिन शोधणारी) निगेटिव्ह, म्हणून घरचे निश्चिंत. पण ती चाचणी थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) पकडतच नाही! त्याचं हिमोग्लोबिन ११.८, लाल पेशी ५९ लाख, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ६४, म्हणजे पेशी लहान, फेरिटिन (लोहाचा साठा) ८, म्हणजे लोह कमी, एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) ए२ ३.४ टक्के. ए२ हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार, बीटा थॅलेसेमिया मायनरमध्ये तो वाढतो. लोह कमी असलं की ए२ खाली दिसतो, म्हणजे बीटा थॅलेसेमिया मायनर (वाहक अवस्था) लपलेला असू शकतो. तसं निघालं तर बाळाला सिकल-बीटा थॅलेसेमियाची (आईकडून सिकल, वडिलांकडून थॅलेसेमियाचं जनुक आल्यावर होणारा आजार) शक्यता २५ टक्के. लोहाच्या गोळ्या देऊन तीन महिन्यांनी ए२ पुन्हा तपासण्याइतका वेळ नाही. सीव्हीएस (बाळाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना घेणं) अकराव्या-बाराव्या आठवड्यात व्हायला हवं. पतीची बीटा ग्लोबिन जनुक तपासणी आताच करावी असं मला वाटतं. विदर्भात ती कुठे होते? अहवाल किती दिवसांत मिळतो?