विषय: मागच्या चाकाच्या तारा तुटतात, नवं चाक कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी,
रोड सायकलच्या मागच्या चाकाची तार दोन महिन्यांत तिसऱ्यांदा तुटली. दर वेळी गिअरच्याच बाजूची, हबपाशी (चाकाच्या मधल्या भागापाशी) वळते तिथेच. चाक 20 तारांचं, ब्रेक रिमचे (चाकाच्या कडेला पकडणारे), कॅसेट 11ची (मागे 11 दातेरी चकत्या). रोज कामाला सायकलनेच जाते, त्यामुळे अगदी अडून बसायला होतं. खिशाला झेपेल असं भरवशाचं चाक सुचवाल का?

उत्तर:
ताई, वळणावर तुटलेली तार एका खड्ड्याने तुटत नाही, ती थकलेली असते. ताण कमी पडला की तार हबच्या भोकात हलते, कोपराशी सारखी वाकते आणि शेवटी तुटते. आज एवढं करा: सायकल उलटी करून गिअरच्या बाजूच्या तारा नखाने एकेक छेडा. सूर साधारण सारखा यायला हवा. डावीकडचा सूर खालचा येईल, तो दोष नव्हे. मागच्या चाकात त्या बाजूला ताण कमीच असतो.

नवं घ्याल तर मागे 32 तारा घ्या. वजन शंभरेक ग्रॅमनी वाढेल, पण वाटेत एक तुटली तरी चाकाला आऊट (वाकडेपणा) कमी येतो आणि घरी पोचता येतं. हब शिमानो टियाग्रा किंवा 105चं: आत सुटे छर्रे, उघडून ग्रीस भरता येतं. त्यावर डीटी स्विस आर 460सारखी साधी अ‍ॅल्युमिनियमची रिम. रिम ब्रेकने झिजणारच, पण तेव्हा फक्त रिम बदलायची. माझ्या हबवर ही दुसरी रिम आहे, खरी बचत तिथे होते.

जुनं, 10 चकत्यांच्या कॅसेटचं हब स्वस्तात मिळालं तरी नको. रोडच्या बहुतेक 11च्या कॅसेटना हबची बॉडी (कॅसेट बसते तो भाग) त्याहून 1.85 मिमी जास्त लांब लागते. हबची रुंदी 130 मिमी आहे ना, तेही बघा.

उत्तर:
दादा, छेडून पाहिल्या. दोन तारा नुसत्या थड वाजतात! माझंच हब ठेवून 32 तारा घालता येतील का?

उत्तर:
नाही, भोकं 20च आहेत. हब नवंच घ्या. आणि बांधणाऱ्याला सांगा, शंभरेक किलोमीटर चालवून चाक परत आणते, तेव्हा ताण पुन्हा तपासा.