टॉकीज मोबाईलच्या आधीच थंडावल्या

मोबाईलमुळे टॉकीज बंद पडल्या असं म्हणतात, ते अर्धंच खरं. आमच्या अमळनेरकडे केबल आणि व्हिडिओनेच खुर्च्या रिकाम्या करायला घेतल्या होत्या.

माझे मामा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, म्हणजे केबिनमध्ये बसून सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचे. केबिनमध्ये जायला मिळायचं म्हणून मी त्यांचा डबा न्यायचो. तेव्हा मशीनमध्ये बल्ब नव्हता, कार्बनच्या दोन कांड्यांमधली ठिणगी म्हणजे उजेड. कांड्या जळत जायच्या, मधलं अंतर वाढलं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या. मामा काळ्या काचेतून बघत चाकी फिरवून कांड्या परत जवळ आणायचे. एप्रिल-मेमध्ये जळगाव जिल्ह्यात ४५ अंश, त्यात ती भट्टी! बनियन पिळून काढायचे बिचारे. २००० फुटांचं रीळ, म्हणजे जेमतेम २२ मिनिटं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसायचा, तो दिसला की पुढचं रीळ लावलेलं दुसरं मशीन सुरू. आता डिजिटल आलं, कळ दाबली की झालं.

त्या काळी कापसाचे पैसे हातात आले की रात्रीच्या खेळाला बैलगाड्या सुटायच्या. आमच्या त्या टॉकीजमध्ये आता लग्नं लागतात. परवाच जेवून आलो, वांग्याचं भरीत झकास होतं. केबिनची चौकोनी भोकं अजून तशीच आहेत, फक्त वरून डिस्टेंपर मारलंय.