दुसऱ्याचा कोड वाचून मॉड लिहायला शिकता येते का?

धरमपेठचा_गेमर: फॅक्टोरिओ या कॉम्प्युटर गेमचे मॉड, म्हणजे गेममध्ये नवीन गोष्टी टाकणारी भर, लिहायला शिकून राहिलो, ते ज्या भाषेत लिहितात ती लुआ थोडी येते, पण दुसऱ्याचा मॉड उघडला की कुठून वाचायचं तेच समजत नाही. नागपुरात कोणी करते का हे?

बर्डीवाला: भाऊ, मोठे मॉड आधी नको. एकच वस्तू वाढवणारा छोटा मॉड घे, झिप उघड, मॉडची नाव-माहिती असलेली इन्फो.जेसन फाइल पाह्य, मग डेटा.लुआ, ते गेम सुरू होतानाच चालते, नवीन वस्तू-रेसिपी तिथंच असतात, आणि खेळताना जे घडते ते कंट्रोल.लुआत. एखादा आकडा बदलून गेम परत चालू कर, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

महालातला: लायसन्स पाहूनच कोड उचलजो बरं, लिहिणाऱ्याची मेहनत असते त्यात. अडलं तर त्यालाच विचार.

धरमपेठचा_गेमर: बसतो आजच.