मदत हवी आहे : चिनी वनौषधींची ओळख पक्की कशी करावी?

अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरचा परवाना घेऊन मी ६ वर्षे व्यवसाय करीत असून आता चिनी वनौषधींचा अभ्यास सुरू केला आहे. ‘गान त्साओ’ म्हणजे आपले ज्येष्ठमध, हे लगेच लक्षात राहिले. परंतु ‘हान फांग जी’ या वनौषधीऐवजी नावाने जवळची, पण विषारी ‘ग्वांग फांग जी’ वापरली गेल्याने १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याचे औषध घेणाऱ्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, हे वाचल्यापासून प्रत्येक पुडीवरचे नाव मी दोनदा वाचतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या रुग्णाला ‘दांग ग्वेई’ ही वनौषधी देऊ नये, एवढे पाठ आहे. प्रत्यक्ष काढा देताना वनस्पतीचे लॅटिन नाव आणि पुरवठादाराचे तपासणी-अहवाल आपण कसे पडताळता, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.