शब्दचर्चा : कूर्चा ‘भरून येते’ म्हणावं का?

– सांध्यांच्या दुखण्यावरचा मजकूर मराठीत करतोय. ‘कूर्चेची जखम भरून येते’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि कार्टिलेजला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, कूर्चा, कास्थी, उपास्थी यांपैकी काय घ्यावं?

– कूर्चा घ्या. उपास्थी वाचून पुष्कळांना हाडच वाटतं. बोलताना आपण ‘गादी’ म्हणतो, पण मणक्यांमधल्या चकतीलाही गादीच म्हणतात.

‘भरून येते’ मात्र नको. कातडीची जखम भरून येते, कारण तिथे रक्त येतं, गुठळी धरते, कडेच्या पेशी सरकत आत येतात. कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत. पेशी म्हणाल तर आकारमानाच्या १ ते ५ टक्के, आणि त्याही आपापल्या खळगीत कोंडलेल्या. चरा पडला की कडेच्या काही मरतात, उरलेल्या थोड्या विभागतात, थोडं कोलॅजनही (ऊतीला बळकटी देणारं तंतुमय प्रथिन) बनवतात, पण त्या फटीपर्यंत पोचत नाहीत. चरा तसाच राहतो. नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवलं होतं. हाड सांधतं, सांध्यातली कूर्चा सांधत नाही. ‘सांधा’ आणि ‘सांधणे’ हे एकाच धातूतून आलेले शब्द, म्हणून हे मला फार लागतं.

– पण खोल जखम भरते ना?

– भरते, पण कशाने ते पाहा. इजा खालच्या हाडापर्यंत गेली की मज्जेतलं रक्त वर येतं आणि त्या गुठळीत मूलपेशी शिरतात. त्या जी ऊती विणतात तिच्यात टाइप १ कोलॅजन बरंच असतं. मूळच्या नितळ कूर्चेत मुख्यतः टाइप २. नवी ऊती तंतुमय असते, दाब कमी सोसते, लवकर झिजते. याला मी ‘ठिगळ’ म्हणेन. त्याच कापडाचे धागे घेऊन केलेलं ते रफू, आणि तसं रफू इथे होत नाही.

– मायक्रोफ्रॅक्चरला ‘सूक्ष्म अस्थिभंग’ लिहिलंय, तेही बदलू?

– बदलाच, रुग्ण घाबरेल. मज्जेतलं रक्त वर यावं म्हणून शल्यचिकित्सक हाडाला मुद्दाम बारीक भोकं पाडतात, इतकंच. ‘हाडाला बारीक छिद्रं पाडणे’ लिहा.

– मग असं करतो : ‘कूर्चेवरचा वरवरचा चरा आपोआप बुजत नाही, इजा हाडापर्यंत गेली तर तिथे वेगळ्या, तंतुमय ऊतीचं ठिगळ बसतं.’

– ‘आपोआप’ काढा. ‘बुजत नाही’ पुरेसं आहे.