अजब पण खरं: टेबलावर दाखवता येतील असे प्रश्न सुचवा

गोदाकाठ
गणपतीत आमच्या कॉलनीत (इंदिरानगर, नाशिक) आठवी ते दहावीच्या मुलांसाठी प्रश्नमंजुषा आहे. एक फेरी 'अजब पण खरं' ठेवायची आहे. अट अशी की उत्तर सांगितलं की लगेच टेबलावर दाखवता आलं पाहिजे. कांदा, बेदाणे, नोटा, नकाशा असं घरातलं सामान चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी माहिती नको. पालक समोर बसलेले असतात, एका उत्तरावर वाद झाला की फेरी तिथेच अडकते.

उन्हाळ_कांदा
कांद्यापासून सुरुवात करा. प्रश्न: "डोळ्यांना झोंबणारा वायू न चिरलेल्या कांद्यात किती असतो?" उत्तर: जवळजवळ नसतोच. पेशीत गंधकयुक्त घटक एका कप्प्यात आणि अ‍ॅलिनेज हे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरीने पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात, मग आणखी एक एन्झाइम कामाला लागतं आणि वायू त्या क्षणी तयार होतो. हे दुसरं एन्झाइम जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. त्याआधी सगळं अ‍ॅलिनेजच करतं असं मानत. या शोधाला २०१३ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं.

दाखवायचं असं: एकाच पिशवीतले दोन लहान कांदे घ्या. एक सालासकट कुकरमध्ये मऊ शिजवून पूर्ण गार करा. उष्णतेने एन्झाइम निकामी होतात, त्यामुळे तो चिरताना डोळ्यांत पाणी येत नाही. शिजलेला आधी चिरा, कच्चा नंतर. उलट केलंत तर हवेत आधीच झोंब असते आणि कुणाला फरक कळत नाही. पंखा बंद ठेवा. मोठा कांदा घेऊ नका, गाभा कच्चा राहिला तर तिथे सुरी पोचताच प्रयोग फसतो.

दुसरा प्रश्न त्याच कांद्यावर: "आपण खातो ते मूळ, खोड की पान?" कच्चा कांदा देठापासून मुळापर्यंत उभा चिरा. तळाशी जी चपटी कडक चकती दिसते ते खोड, तिच्याखाली मुळं, आणि वरचे सगळे पदर म्हणजे पानांचे मांसल तळ. बरीच मुलं 'खोड' म्हणतील, म्हणून प्रश्नात "कांद्याचे पदर म्हणजे" असं स्पष्ट लिहा.

नोटांचा_नाद
नाशिकरोडला नोटा छापतात हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं, त्यामुळे तो प्रश्न वाया घालवू नका. हे विचारा: "१०० च्या नोटेच्या मागच्या भाषापट्टीत मराठी कितवी?" आठवी, म्हणजे १५ ओळींत बरोबर मधली. क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने आहे, म्हणून आसामी पहिली आणि उर्दू शेवटची.

"नोटेवर किती भाषा?" असं मोघम विचारू नका. पट्टीत १५, पण हिंदी आणि इंग्रजी धरून १७. दोन्ही गट बरोबर ठरतात आणि भांडण ठरलेलं.

एक रुपयाची नोट मिळाली तर तीही ठेवा. तिच्यावर गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवांची असते, कारण ती भारत सरकार काढतं, रिझर्व्ह बँक नाही. "मैं धारक को" हे वचनही तिच्यावर नाही. दहाची नोट शेजारी ठेवली की मुलं स्वतःच शोधतात.

द्राक्षवेल
बेदाणे आणि सोडा. "बेदाणा सोड्यात बुडेल की तरंगेल?" दोन्ही, आळीपाळीने. बेदाणा जड म्हणून आधी तळाशी जातो. सुरकुत्यांत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे चिकटले की वर येतो, वर बुडबुडे फुटले की पुन्हा खाली. उंच काचेचा ग्लास, पाच-सहा लहान सुटे बेदाणे आणि त्याच वेळी उघडलेली थंड बाटली. बेदाण्यांवर तेलकट थर असेल तर कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्या. सोडा भिंतीवरून हळू ओता, जोरात ओतलात तर निम्मा वायू फेसातच जातो.

द्राक्ष मायक्रोवेव्हमध्ये ठेवून ठिणगी पाडायचा व्हिडिओ मुलं हमखास सांगतील. तो खरा आहे, आणि २०१९ मध्ये कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी कारणही मांडलं: पाण्याने भरलेल्या द्राक्षाचा आकार आत शिरलेल्या लहरींशी जुळतो, आणि दोन द्राक्षं टेकतात तिथे ऊर्जा एकवटते. पण करू नका, ओव्हन खराब होतो.

गोदाकाठ
फार उपयोगी. नकाशावरचं कुणी सांगेल का? गोदावरीचा एक तरी प्रश्न हवाच.

ब्रह्मगिरी
"त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी कोणती नदी अरबी समुद्राला मिळते?" सगळे गोदावरीकडे धावतील. उत्तर वैतरणा. गोदावरीच्या उगमापासून अरबी समुद्र साधारण ८० किमी, तरी ती १४६५ किमी पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीची पश्चिम कड तुटलेली, पण पठाराचा उतार पूर्वेला, म्हणून पाणलोटाच्या कुठल्या अंगाला पाणी पडलं त्यावर समुद्र ठरतो. राजकीय नकाशा आणू नका, उंची रंगांनी दाखवणारा प्राकृतिक नकाशा आणा. दोन्ही नद्यांवर वेगळ्या रंगाचे दोरे लावा. आणि "भारतातली दुसरी लांब नदी" असं लिहू नका, सिंधू-ब्रह्मपुत्रेची एकूण लांबी कुणीतरी काढतंच. "द्वीपकल्पातली सर्वांत लांब" लिहा.